सई, त्या आजींना विचारून ठेव

प्रिय सई,

परवा फोनवर म्हणालीस की पप्पा तुम्ही वॉर्साहून आल्यापासून काहीतरी मनात धरून बसलाय. मम्मीचं पण तेच म्हणणं आहे. फोनवर मला नीट सांगता येत नाही, मधेच तुझं लेक्चर असतं नाहीतर इकडं वर्कशॉपमध्ये कुणीतरी हाक मारतं, म्हणून आज रविवारी शटर बंद करून टाईप करत बसलोय. मोठं होईल, पण शेवटपर्यंत वाच, कारण शेवटी तुझ्याकडं एक काम आहे.

आधी त्या उठावाच्या म्युझियमचं सांगतो, 1944 मध्ये पोलंडमध्ये वॉर्सातली माणसं जर्मनांविरुद्ध उठली त्या उठावाच्या. मी एका काचेपुढं अर्धा तास उभा राहिलो आणि तुला वाटलं पप्पा दमले. दमलो नव्हतो गं. ती ब्विस्काविट्सा बंदूक बघत होतो, ब्विस्काविट्सा म्हणजे वीज, त्यांच्या भाषेत. लोक बंदूक बघून पुढं जात होते, मी तिचे आटे बघत होतो. बत्तीस वर्षं लेथवर काढलेल्या माणसाला दुसरं काय दिसणार. वात्सवाव झाव्रोत्नी आणि सेव्हेरिन व्हिएलानिएर या दोन इंजिनिअरांनी 1942-43 मध्ये जर्मनांच्या ताब्यातल्या वॉर्सात बसून तिचं ड्रॉइंग केलं. इंग्रजांची स्टेन आणि जर्मनांची एमपी 40, दोन्हीतलं बरंवाईट बघून. गोळी जर्मनांचीच, 9 एमएम, म्हणजे शत्रूकडनं हिसकावलेली चालावी. पण खरी अक्कल पुढं आहे. त्यांनी वेल्डिंग जवळजवळ टाळलं आणि भाग एकमेकांत आट्यांनी, स्क्रूनी बसवले, का तर कुठल्याही गल्लीतल्या साध्या वर्कशॉपात, साध्या लेथवर एकेक भाग करून घेता यावा. सुटा भाग बघितला तर तो पाईपचा तुकडा दिसतो, नळाचं काहीतरी दिसतं. एकानं नळी करायची, दुसऱ्यानं स्प्रिंग, तिसऱ्यानं बोल्ट, आणि जोडणी जिथं व्हायची तिथं वर कुंपणाच्या तारेच्या जाळीचा कारखाना राजरोस चालू. अशा सातशेच्या आसपास झाल्या.

आता तू म्हणशील सातशे म्हणजे किती कमी. अगं, आपल्या उद्यमनगरात आज सातशे पीस म्हटलं तर एका आठवड्याची ऑर्डर. पण तिथं घरात रेडिओ सापडला तरी गोळी घालायचे, शहरात गेस्टापो, म्हणजे जर्मनांचे गुप्त पोलीस, फिरतायत, स्टील कुठनं आणलं याचा हिशोब द्यायचा, आणि कामगारानं संध्याकाळी हात धुऊन घरी जाऊन बायकोला पण सांगायचं नाही की आज काय केलं. आपल्याकडं सुट्ट्या भागाच्या ऑर्डरी येतात, काही वेळा मला पण माहीत नसतं की हा पीस कुठल्या मशिनला लागणार आहे. त्यांना मात्र बहुतेक कळत असणार. हाताला कळतंच. कळून पण मापात काम करायचं, कारण माप चुकलं तर ते कुणाच्या तरी हातात फुटणार.

आणि फक्त बंदुका नाहीत. ते डब्यासारखे हातबॉम्ब दाखवले होतेस ना मला, सिडोलुव्का. सिडोल नावाचं पितळ घासायचं पॉलिश यायचं, आपण समईला ब्रासो आणतो तसलं, बॉम्बचं कवच त्याच्या बाटलीसारखं दिसायचं म्हणून ते नाव पडलं. दुसरा फिलिपिन्का. दोन्ही मिळून काही लाख केले त्यांनी, चोरून, तळघरात. उठाव सुरू झाल्यावर तर न फुटलेले जर्मन बॉम्ब उघडून त्यातली दारू काढायचे आणि त्याचे हातबॉम्ब करायचे. म्हणजे आपल्या घरावर पडलेलं उचलून परत पाठवायचं. ती चिलखती गाडी, कुबुश, शेवरोलेच्या ट्रकवर पत्रे ठोकून पोव्हिश्ले भागात तेरा दिवसांत उभी केली. पत्रे दोन थरांत, मधे जागा सोडून, कारण चांगलं चिलखत मिळणारच नव्हतं. ज्यानं ती गाडी केली त्याची बायको त्या उठावात मारली गेली होती, तिचं गुप्त नाव कुबुश, तेच गाडीला दिलं. हे तू मला वाचून दाखवलंस आणि पुढं गेलीस. मी तिथं थोडा वेळ थांबलो होतो, तुला दिसलं नसेल.

1 ऑगस्ट 1944, संध्याकाळी पाच. त्या वेळी हजारो पोरंपोरी रस्त्यावर उतरली आणि त्यातल्या दहातल्या एकाकडं जेमतेम हत्यार. बाकीचे पेट्रोलच्या बाटल्या घेऊन, नाहीतर शेजारचा पडला की त्याची बंदूक उचलायची म्हणून थांबलेले. काही दिवसांत संपेल वाटलं होतं, 63 दिवस चाललं. नदीच्या पलीकडं रशियन फौज येऊन थांबली होती आणि पुढं आली नाही म्हणावं तशी. पहिल्याच आठवड्यात व्होला भागात जर्मनांनी घराघरातनं माणसं बाहेर काढून मारली, चाळीस-पन्नास हजार, आणि ते म्युझियम त्याच व्होलात आहे, जुन्या ट्रामच्या वीजघरात. एकूण शहरातली दीड ते दोन लाख साधी माणसं गेली, आणि मग हिटलरनं उरलेलं शहर पद्धतशीर पाडून टाकलं. या आकड्यांवर मला जास्त लिहवत नाही.

ती पोस्टवाली पोरं मात्र डोक्यातनं जात नाहीत. अकरा-बारा वर्षांची स्काऊटची पोरं गटारातनं, पडक्या भिंतींच्या आडोशानं पत्रं पोचवायची, आणि एका पत्रात फक्त पंचवीस शब्द लिहायची परवानगी. पंचवीस शब्दांत आईला काय लिहायचं गं? मी इथं एवढं लिहून पण अजून मुद्द्यावर आलो नाही. आणि तू रोज ज्या भिंतीवरनं जातेस तिथं ते जहाजाच्या नांगराचं चिन्ह रंगवलंय ना, कोत्विट्सा, जर्मनांशी लढणाऱ्यांचं, ते आन्ना स्मोलेन्स्का नावाच्या विद्यार्थिनीनं काढलं होतं. तिला ऑशवित्झला, जर्मनांच्या छळछावणीत नेलं आणि 1943 मध्ये ती तिथंच गेली, 23 वर्षांची. तू 24 ची आहेस.

आता त्या घरमालकीण आजींचं. आपण त्यांच्याकडं चहाला गेलो त्या दिवशी तू दुकानात गेली होतीस तेव्हा त्यांनी कपाटातनं रुमालात गुंडाळलेला एक तुकडा काढून माझ्या हातात दिला. तू टर्नर म्हणून सांगितलं होतंस माझ्याबद्दल, म्हणून बहुतेक. भाषा नाही, फोनच्या ट्रान्सलेटरवर तोडकंमोडकं. त्यांचे वडील व्होलात लेथवर होते, आणि ते गेल्यावर घर आवरताना तळघरात हा तुकडा मिळाला. स्टीलची नळी, साधारण वीतभर, एका बाजूला आटे पाडलेले, दुसरी बाजू अर्धवट राहिलेली. कशाचा आहे ते आजींना माहीत नाही. वडील कधी बोललेच नाहीत. मी नखानं आटे चाचपले. सई, ते काम इतकं सुरेख होतं, एकसारखं, कडा मारलेल्या, आणि मधेच थांबलेलं. तो त्या बंदुकीचाच भाग आहे असं मी शपथेवर सांगणार नाही, नळाचा पण असू शकतो. पण नळाचा तुकडा कुणी रुमालात गुंडाळून तळघरात ठेवत नाही.

वडील का बोलले नाहीत हे मी इथं येऊन वाचलं. युद्ध संपल्यावर कम्युनिस्ट राजवट आली आणि आर्मिया क्रायोवा, म्हणजे पोलंडची गुप्त फौज, तिच्यात जे जर्मनांशी लढले त्यांनाच धरायला लागली. तुरुंग, चौकशा. व्हितोल्द पिलेत्स्की, जो स्वतःहून ऑशवित्झमध्ये शिरला आतली बातमी बाहेर काढायला, त्याला 1948 मध्ये त्याच्याच देशात गोळी घातली. मग साधा टर्नर काय बोलणार, पोरीला सांगितलं आणि पोरगी शाळेत बोलली तर? म्हणून गप्प. आयुष्यभर गप्प.

आणि हे सगळं मला का लागलं ते सांगतो. आपली आजी. तुला आठवतं, चहाचा कप हातात दिला की ती जिंकुया म्हणायची? आपण सगळे हसायचो, तू पण लहानपणी म्हणायचीस, आजीचा शब्द म्हणून. मला वाटायचं गावाकडचं काहीतरी असेल. वॉर्सात पहिल्याच सकाळी ब्रेडच्या दुकानात ती बाई मला म्हणाली, जेन्कुये, म्हणजे थँक्यू, आणि मी पैसे हातात धरून तसाच उभा. तू म्हणालीस पप्पा काय झालं, मी काहीच नाही म्हटलं. आजी वळिवड्याची. 1943 ते 48 तिथं पोलंडच्या पाच हजार लोकांची छावणी होती, बहुतेक बायका-पोरं, रशियानं 1940 मध्ये घरातनं उचलून सायबेरियात नेलेली, तिथनं सुटून इराणमार्गे आपल्या कोल्हापुरात आलेली. आजी तेव्हा नऊ-दहा वर्षांची, तिच्या आईबरोबर छावणीत भाजी विकायला जायची एवढं मला माहीत आहे. एवढंच. तिला कुणी थँक्यू म्हटलं, कुठल्या बाईनं, काय घेताना, तिची कुणी मैत्रीण होती का तिथं, ती पोरं परत गेली तेव्हा आजी रडली का, काही माहीत नाही. 1944 च्या ऑगस्टमध्ये वॉर्सा जळत होतं तेव्हा त्या बायका वळिवड्यात बातमीची वाट बघत असतील, आणि त्यांच्यासमोर माझी आई भाजीची पाटी घेऊन उभी असेल. पन्नास वर्षं ती माझ्यासमोर चहा पीत होती आणि मी एकदा विचारलं नाही. तिला कुणी गप्प बसवलं नव्हतं. आम्हीच कानावर घेतलं नाही. आता दोन वर्षं झाली ती जाऊन.

म्हणून तुझ्याकडं काम आहे. घरमालकीण आजी ऐंशीच्या पुढं आहेत. तुला आता त्यांची भाषा बऱ्यापैकी येते. शनिवारी जात जा, फोन रेकॉर्डिंगला लाव, त्यांना विचारून लाव. वडील कुठल्या कारखान्यात होते, कुठल्या रस्त्यावर, दुपारी जेवायला घरी यायचे का, हाताला कसला वास यायचा, आई काय करायची, उठावानंतर त्यांना कुठं नेलं, परत आल्यावर घराचं काय उरलं होतं. मोठे प्रश्न विचारू नकोस, लढाईबिढाईचे, त्यांना पण माहीत नसेल. बारीकसारीक विचार. आणि वळिवड्याचं त्यांना तू सांग, आजीच्या शब्दाचं पण सांग, मी त्या दिवशी ट्रान्सलेटरवर प्रयत्न केला पण त्यांना कळलं असं वाटलं नाही.

अमृता पुढच्या आठवड्यात निघतेय, तिच्याबरोबर मेतकूट आणि शेंगदाण्याची चटणी पाठवतोय. त्याच पिशवीत कापडात गुंडाळून माझा आटे मोजायचा पिच गेज आहे, जुनाच, आकडे थोडे झिजलेत पण वाचता येतात. आजी हो म्हणाल्या तर त्या तुकड्याच्या आट्यांवर एकेक पान लावून बघ, जे पान उजेडाला धरल्यावर फट न सोडता बसेल त्यावरचा आकडा मला कळव. तुकड्याला तेल लावू नकोस, घासू पण नकोस, आहे तसा परत रुमालात ठेवून दे.

तुझा
पप्पा