ताप येतो तो मरणाऱ्या जंतांमुळे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

हत्तीरोगाच्या गोळ्या घेऊन आशाताई दारात आल्या, की आमच्या गावात दर वेळी एकच प्रश्न ऐकू येतो : "आम्हाला तर काही झालंच नाही, मग गोळ्या कायले खायच्या?" जिल्हा परिषदेच्या शाळेत बरीच वर्षे शिकवल्यामुळे असेल, पण मला हा प्रश्न अडाणीपणाचा वाटत नाही. तो रास्त आहे आणि त्याचे नीट उत्तर गावकऱ्यांना कधी दिले गेलेले नाही, म्हणून हे पत्र.

माझ्या आईचा उजवा पाय हत्तीरोगाने सुजलेला होता. रोवणीच्या दिवसांत ती त्याच पायाने भाताच्या बांधीत उतरायची आणि संध्याकाळी पाय परातीत ठेवून, बोटांच्या बेचक्यांत साचलेला चिखल जुन्या लुगड्याच्या चिंधीने हळूहळू पुसून काढायची. दोन पायांना दोन मापांच्या चपला लागत. पाय वाढत गेला तसे तिला हळदीकुंकवाला बोलावणे बंद झाले, कारण रोग तिच्यापासून पसरतो असे सगळ्यांना वाटे. हा समज किती उलटा होता, हे मला फार उशिरा कळले.

हत्तीरोगाचे जंत क्युलेक्स डासामार्फत शरीरात शिरतात. मोठे जंत लसिकावाहिन्यांत, म्हणजे शरीरातील लसिका हा पातळ द्रव वाहून नेणाऱ्या नळ्यांत, पाच ते सात वर्षे जगतात आणि त्यांची सूक्ष्म पिल्ले रात्री रक्तात येतात. एरवी जंत शिरला की आपले शरीर त्याच्यासाठी वेगळी फौज उभी करते : इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी वाढतात आणि आयजीई ही प्रतिपिंडे, म्हणजे रोगाशी लढणारी प्रथिने, तयार होतात. परंतु ज्याला एकाच शरीरात वर्षानुवर्षे मुक्काम करायचा आहे, तो जंत ही फौज थोपवून धरतो. त्याच्या प्रभावाने इंटरल्यूकिन-१० सारखी शांत करणारी द्रव्ये वाढतात, जंताविरुद्ध लढणाऱ्या टी-पेशी (आणखी एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) मंदावतात आणि आयजीईच्या कामात अडथळा आणणारी आयजीजी-४ ही प्रतिपिंडे भरपूर होतात. त्यामुळे ज्याच्या रक्तात जंतांची पिल्ले सर्वाधिक, त्यालाच पुष्कळदा ना ताप असतो ना सूज. आतल्या लसिकावाहिन्या मात्र तेव्हाही फुगत असतात. याउलट ज्यांचे शरीर जंतांशी जोराने झगडते, त्यांच्यात दाह होतो, वाहिन्या बिघडतात, त्यात जिवाणूंचा संसर्ग वारंवार होऊन पाय वाढत जातो, आणि अशा रुग्णांच्या रक्तात बहुधा पिल्ले सापडतच नाहीत. म्हणजे डासांना जंत पुरवणारी माझी आई बहुधा नव्हतीच. पुरवणारे धडधाकट होते, आणि आपल्या रक्तात काय आहे हे त्यांनाही ठाऊक नव्हते. "काही झालंच नाही" म्हणणाऱ्याने गोळ्या का घ्यायच्या, याचे उत्तर एवढेच आहे.

दुसरी गोष्ट तापाची. काही वर्षांपूर्वी आमच्या गल्लीतील एका तरण्याताठ्या मुलाला गोळ्या घेतल्यावर रात्री ताप भरला, डोके दुखू लागले, चक्कर आली. असे होऊ शकते हे त्याला कोणी सांगितले नव्हते आणि विचारपूस करायलाही कोणी आले नाही. पुढच्या वर्षी त्याच गल्लीत तुळशीच्या कुंडीत पुरलेल्या गोळ्या मी स्वतः पाहिल्या. वास्तविक या गोळ्यांतील डीईसी या औषधामुळे रक्तातील पिल्ले झपाट्याने मरतात, तेव्हा त्यांचे अवशेष आणि त्यांच्या शरीरात राहणारे वोल्बाकिया हे जिवाणू रक्तात मोकळे होतात आणि इतके दिवस थोपवून ठेवलेली प्रतिकारयंत्रणा एकदम जागी होते. ज्याच्या रक्तात पिल्ले जास्त, त्याला हा त्रास जास्त. बहुतेकांचा तो एक-दोन दिवसांत ओसरतो. त्या मुलाला हे आधी सांगितले असते, तर त्या तापाने गल्ली घाबरली नसती. गोळी लागू पडली, असेच लोकांनी म्हटले असते.

नागपूर जिल्ह्यात २०१९ मध्ये डीईसी आणि अल्बेंडाझोल या दोन औषधांच्या जोडीला आयव्हरमेक्टिन हे तिसरे औषध देण्यास सुरुवात झाली, आणि देशाने हत्तीरोग दूर करण्यासाठी २०२७ हे वर्ष ठरवले आहे. औषध वाढले, समजावणे मात्र वाढले नाही. मोठे जंत एका खेपेने सगळे मरत नाहीत, म्हणून मोहीम पुन्हा पुन्हा घ्यावी लागते. अशा कामात एका वर्षी गमावलेला विश्वास पुढच्या प्रत्येक वर्षी नडतो.

आरोग्य विभागाला माझी विनंती आहे की, वाटपाच्या आधी ग्रामसभेत तापाविषयी स्पष्ट सांगावे. रोवणीला गेलेली माणसे सायंकाळीच घरी भेटतात, तेव्हा त्या वेळी जाऊन, जेवण झाल्यावर, गोळ्या समोरच गिळायला द्याव्यात. दोन वर्षांखालील मुले, गरोदर स्त्रिया आणि गंभीर आजारी यांना त्या द्यायच्या नसतात, हेही घरोघरी सांगावे. ज्यांचे पाय आधीच सुजले आहेत, त्यांना पाय साबणाने धुऊन बेचकी कोरडी ठेवायला कोणीतरी शेजारी बसून शिकवावे. माझ्या आईला ते कोणी शिकवले नाही. आणि गोळ्या दिल्यावर घराच्या भिंतीवर खडूने खूण केली जाते, तिच्याच शेजारी, रात्री ताप आला तर कोणाला फोन करायचा तो नंबरही लिहून जावा.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका,
ता. लाखनी, जि. भंडारा