कुर्डीच्या वाटेवरच्या काकांना

तीर्थस्वरूप काका,
सा. न.

तुमचं नाव न घालता हे पत्र लिहिते आहे. निघताना तुम्ही एकच अट घातली होती, "बाये, म्हजें नांव खंय घालूं नाका." नाव घातलेलं नाही. पण आभार मानू नकोस असं काही तुम्ही म्हणाला नव्हता, आणि त्या दिवशी गडबडीत ते नीट मानायचे राहून गेले. शिवाय आईने तुम्हाला एक निरोप द्यायला सांगितलाय, तो शेवटी लिहिते.

मे महिना लागला की आमच्या घरी आई एक वाक्य हमखास बोलते, "आता कुर्डी वर आली असेल." लहानपणापासून मी ते ऐकत आले. दक्षिण गोव्यातल्या साळावली धरणाचं पाणी उन्हाळ्यात ओसरतं आणि धरणात गेलेलं तिचं माहेर महिनाभर उघडं पडतं, हे मला कळलं तेव्हा मी सातवी-आठवीत असेन. तरी आम्ही कधी गेलो नाही. आधी बाबांचं आजारपण, मग माझी नोकरी, मग मुलाच्या परीक्षा. या वर्षी शाळेला सुट्टी लागताच ठरवलं, की आता पुढे ढकलायचं नाही. आई शहात्तर वर्षांची आहे. म्हापशाहून पहाटे निघायचं, आधी कुडचड्याचं नंदा तळं, मग सांगे, कुर्डी, आणि संध्याकाळी नेत्रावळीची बुडबुड्यांची तळी, असा बेत होता.

कुडचड्यात पोचलो आणि गाडीचा क्लच गेला.

गॅरेजवाल्याने सांगितलं, प्लेट मडगावहून येणार, संध्याकाळशिवाय गाडी मिळणार नाही. ऊन चढलेलं. मी मनात हिशेब करत होते, की सावर्डे-कुडचडे स्टेशनवरून गाडी पकडून परत फिरावं. आई काही बोलत नव्हती. कुर्डीच्या सोमेश्वरासाठी आणलेला नारळ आणि उदबत्तीचा पुडा घातलेली कापडी पिशवी मांडीवर घट्ट धरून ती गॅरेजच्या बाकावर बसली होती. तेवढ्यात तुम्ही पिकअप थांबवलीत. मागे ज्योती भाताच्या बियाण्याची दोन पोती होती. तुम्ही आईला विचारलंत, "तुमी खंयच्यो?"

आई म्हणाली, "कुर्डीची."

काका, लग्न होऊन तिला पन्नासहून जास्त वर्षं झाली. रेशन कार्डावर म्हापसा, मतदार यादीत म्हापसा. कुणी विचारलं तर आजवर ती म्हापशाचीच म्हणून सांगत आली. मी तिच्या तोंडून हे उत्तर पहिल्यांदा ऐकलं. तुम्ही गाडीचं इंजिन बंद केलंत आणि खाली उतरून विचारलंत, कुठल्या वाड्यावरची, कुणाची. तिने वडिलांचं नाव सांगितलं. तुम्ही फक्त "हां" म्हणालात आणि पुढचं दार उघडून तिला आधी बसवलंत.

मेच्या अखेरीस शेतकऱ्याच्या दिवसाची किंमत काय असते, हे मी म्हापशात राहून विसरले होते. मृग तोंडावर आलेला, बियाणं घरी पोचवायचं, मेरा बांधून घ्यायच्या, पाट साफ करायचे. तो सगळा दिवस तुम्ही आम्हाला दिलात. तेव्हा तुम्ही एका शब्दाने तसं दाखवलं नाहीत. बियाण्याची पोती दिवसभर आमच्याबरोबर फिरली, हे मला रात्री घरी आल्यावर लक्षात आलं.

आधी तुम्ही आम्हाला लेकीच्या घरी नेलंत. उकड्या तांदळाची अकराची पेज, तोरांचं लोणचं, वर सुक्या खोबऱ्याचा तुकडा. ताईने ओळख ना पाळख, आईच्या पायांखाली पाट आणून ठेवला. त्यांनाही माझा नमस्कार सांगा. तिथून नंदा तळं चालत गाठलं. माझ्या मुलाला शाळेच्या प्रकल्पासाठी ते बघायचं होतं. त्याने तुम्हाला पाठ केलेलं सगळं ऐकवलं: इराणमधल्या रामसर गावी 1971 साली पाणथळ जागांचा करार झाला, त्या यादीत 2022 साली नंदा तळ्याचं नाव आलं, गोव्यातलं ते पहिलंच, क्षेत्र 42 हेक्टर. तुम्ही सगळं शांतपणे ऐकून घेतलंत आणि मग त्याला मानशीपाशी, म्हणजे पाणी अडवायच्या दारापाशी नेलंत.

मी चाळीस वर्षं गोव्यात राहिले, पण मानस अशी हात लावून पाहिली नव्हती. पावसाळा सरला की पाणी अडवून धरायचं आणि पुढे त्याच पाण्यावर खालच्या अंगाच्या शेतांत वायंगणाचं भात काढायचं. तुम्ही मुलाचं मनगट धरून त्याचा हात पाण्याच्या रेषेवर ठेवलात. म्हणालात, भात पोटरीला आलं की पाणी कमी पडून चालत नाही, आणि घाईने सोडलं तर शेवटच्या कुणग्यापर्यंत, म्हणजे शेताच्या तुकड्यापर्यंत पोचत नाही. कुणाच्या कुणग्याला किती, हे गावात बसून ठरवायचं असतं. पलीकडे पाणवनस्पतींच्या पानांवरून एक कमळपक्षी लांब बोटं टाकत चालला होता, आणि मुलगा त्याच्याकडे न बघता मानशीकडे बघत होता. त्याच्या प्रकल्पाच्या वहीत आता पक्ष्यांची यादी एका पानावर आहे आणि मानशीचं चित्र तीन पानांवर. बाईंनी त्याला विचारलं, हे कोणी समजावलं? तो म्हणाला, "आमच्या काकांनी."

सांग्याची वाट मी फारशी लिहीत नाही, तुमची रोजचीच ती. काजूच्या बागा, मध्येच पोफळी, उसाचे फड. साखर कारखान्याचं गाळप थांबल्यापासून ऊस लावणाऱ्यांचं काय होऊन बसलंय, ते तुम्ही स्टिअरिंगवर हात ठेवून सरळ शब्दांत सांगितलंत. मला ते पेपरात वाचून माहीत होतं, पण कुठल्या फडाचा मालक कोण आणि आता तिथे त्याने काय लावलंय, हे कुठल्या पेपरात येतं?

साळावलीच्या धरणाजवळ तुम्ही महादेवाच्या देवळापाशी थांबवलंत. कदंबांच्या काळातलं ते देऊळ कुर्डीत होतं. धरण व्हायचं ठरलं तेव्हा एकेक दगड सोडवून इथे आणला आणि पुन्हा उभारला. आईने कुर्डीत ते पाहिलेलं. ती आत गेली, खांबावरून हात फिरवला, आणि बाहेर येऊन म्हणाली, "देऊळ तेंच. पूण आवाज तो न्हय." आमच्या देवळात बोललं की शेजारच्या माडांवरून वारा उत्तर देई, असं काहीतरी तिला म्हणायचं होतं. मला ते पूर्ण कळलं नाही. तुम्हाला कळलं असावं, कारण तुम्ही मान हलवलीत.

आणि मग कुर्डी.

नकाशावर साळावलीचा जलाशय निळा दाखवतात. मी शाळेत मुलांना तो नकाशा शिकवते. त्या निळ्या रंगाच्या मधोमध तुमची पिकअप धुरळा उडवत चालली होती. जमीन भेगाळलेली, भेगांच्या कडा उन्हाने वर वळलेल्या, त्यावर म्हशींच्या खुरांचे ठसे. आणि माडांचे बुंधे. ओळीने, गुडघ्याएवढे, काळे पडलेले. आई खिडकीतून ते मोजत होती की काय कोण जाणे, तिचे ओठ हलत होते.

गावात एक भिंत धड उभी नाही. अशा ठिकाणी घर शोधायचं कसं? मी तर सोमेश्वराच्या देवळाचा फोटो काढून परतायच्या तयारीने आले होते. सोमेश्वरापुढे आईने नारळ वाढवला, तो प्रसाद तुम्ही आधी तिलाच दिलात आणि विचारलंत, "घरांतल्यान देवळाक येतना उजव्या हाताक कितें आसलें?" आई म्हणाली, बांय. मग तुम्ही विहीर शोधलीत. गाळाने भरलेली, पण तोंडाचे चिरे जागेवर होते. विहिरीवरून घरी जाताना चढ की उतार? चढ. वाटेत काय? कातळाची पायरी, तिच्यावर पावसात आम्ही घसरायचो. अशी एकेक खूण विचारत, तिला हाताला धरून, कुठेही घाई न करता, तुम्ही तिला पाऊण तास चालवलंत. मी दोनदा म्हटलं, आई, दमली असशील, बस. तुम्ही मला डोळ्यांनी गप्प केलंत. काका, त्याबद्दल तर मी जन्मभर ऋणी आहे. मी तिला बसवलं असतं तर ती बसली असती, आणि घर सापडलं नसतं.

चिऱ्यांचं जोतं होतं. ओसरीची पायरी होती, पायरीच्या सांध्यांत गोड्या पाण्यातल्या शिंपल्या रुतून बसल्या होत्या. मागच्या बाजूला, जिथे स्वयंपाकघर असणार, तिथे रगड्याचा खालचा दगड आडवा पडलेला. आई त्याच्याशी खाली बसली. खळग्यात सुकलेला गाळ होता, तो तिने बोटांनी खरवडून काढला. मग पदराने पुसला. चांगला स्वच्छ पुसला, जणू आता तांदूळ वाटायला घेणार आहे. मुलगा फोटो काढायला पुढे झाला होता, तो आपणहून मागे सरला.

तिथेच बसून ती बोलत सुटली, इतकं मी तिला बोलताना कधी ऐकलं नव्हतं. तेव्हाचे मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर गावात येऊन धरणाचं सांगून गेले, तेव्हा घरातली मोठी माणसं रात्रभर जागी होती. पाणी सगळ्या दक्षिण गोव्याला मिळणार, म्हणून आपण उठायचं. मोगूबाई कुर्डीकरांचं घर कुठल्या अंगाला, ते तिने हात करून दाखवलं. 1904 साली त्या याच गावात जन्मल्या, आणि गानतपस्विनी म्हणून देशभर नाव झालं तरी आडनावात गाव तसंच राहिलं, याचा आईला फार अभिमान. देऊळ, कपेल, दर्गा सगळं एका हाकेच्या अंतरावर, असं ती सांगत होती आणि तुम्ही तिच्या बोलण्यातल्या रिकाम्या जागा भरत होता. 1986 मध्ये पाणी चढलं तेव्हा आई म्हापशात होती, मी कडेवर. तुम्ही मात्र इथेच होता. सहाशेवर कुटुंबं उठली, कुणी वाडे गावच्या वसाहतीत गेलं, कुणी वालकिणीच्या. धरण उशाशी आणि उन्हाळ्यात वसाहतीतल्या विहिरींना पाणी नाही, अशी वर्षं काढल्याचं तुम्ही सांगितलंत. आवाज न चढवता सांगितलंत. मला मात्र तो आवाज चढायला हवा होता असं अजून वाटतं, कारण आमच्यासारख्या नळ सोडून भांडी घासणाऱ्यांना दुसऱ्या कुठल्या आवाजात ते ऐकू येणार नाही.

परत गाडीकडे येताना एका जोत्यापाशी तुम्ही चालणं थांबवलंत. पायाने एक चिरा हलवून पाहिलात, हलला नाही. "हें आमचें," म्हणालात, आणि पुढे निघालात. आमचं घर शोधताना आम्ही त्यावरून दोन वेळा गेलो होतो.

नेत्रावळीला पोचेपर्यंत उन्हं कलली होती. गोपीनाथाच्या देवळाची ती तळी, तळातून सतत बुडबुडे वर येणारी. टाळ्या वाजवल्या की ते वाढतात, हे आईने लहानपणी करून पाहिलं होतं आणि आता नातवाला करून दाखवलं. मुलगा म्हणाला, खाली कसला तरी वायू असणार. आई म्हणाली, असूं दी, तू वाजय.

रात्री गाडी ताब्यात घेतली तेव्हा मी डिझेलचे पैसे पुढे केले. तुम्ही हात मागे बांधून उभे राहिलात. शेवटी म्हणालात, द्यायचंच असेल तर रगड्याजवळचा आईचा फोटो कागदावर छापून पाठव, वसाहतीतल्या म्हाताऱ्यांना दाखवेन, त्यांना मोबाइलवर दिसत नाही. तीन प्रती केल्या आहेत, मोठ्या आकारात. ताईच्या पत्त्यावर या पत्रासोबतच पाठवते आहे.

आता आईचा निरोप. ओढ्यालगतच्या मोठ्या कुणग्याला काय म्हणत, असं तुम्ही तिला विचारलं होतं. वसाहतीत आता कुणालाच ते आठवत नाही, तुमच्या वडिलांबरोबर गेलं, असं म्हणाला होता. त्या दिवशी तिला आठवलं नाही, आणि परतीच्या वाटेवर तेवढ्या एकाच गोष्टीने ती हिरमुसली होती. परवा सकाळी तांदूळ निवडता निवडता सूप खाली ठेवून तिने मला हाक मारली. त्या कुणग्याचं नाव घोटिंगमळ. मेरेवर घोटिंगाचं मोठं झाड होतं, नांगरणीच्या दिवसांत जोतं त्याच्या सावलीत सोडत. ओढ्याकडचा अर्धा भाग तुमच्या आजोबांकडे होता, आणि तिथलं भात सगळ्या गावात आधी पिके. लिहून ठेवा म्हणते.

तुमची,
कुर्डीच्या लेकीची लेक