फळीबद्दल आणखी एकदा

कोल्हापूर, शनिवार

चि. बाळ हिस,
अनेक आशीर्वाद.

काल टेम्पो निघताना तू रागात होतीस, म्हणून दारात मी काही बोललो नाही. दादा आज रात्री महालक्ष्मीनं निघतोय, त्याच्या हाती हे पत्र देतो. तुझ्या शिडाच्या होडीची बाहेर सरकणारी बसायची फळी तलावात चिरली, तिचा विषय काढायचा नाही असं ठरवून लिहायला बसलोय. आईनं धपाटे दिलेत. ते लगेच खा, उद्यावर टाकू नको.

तुझी होडी गेल्यापासून शेड रिकामी झाली आहे. काल दोन गिऱ्हाईकं येऊन गेली. पंपाच्या केसिंगचा पॅटर्न, म्हणजे ओतकामाचा लाकडी नमुना, बघायला आली होती, पण दोघांनी आधी विचारलं, "होडी कुठं गेली?" मी म्हटलं, मुंबईला, शर्यतीला. उद्यमनगरात कुणी अशी होडी केली नसेल. देवदारच्या सहा मिलीमीटरच्या पट्ट्या, एकेकीची कड रंध्यानं मारून दुसरीला अशी बसवलीस की मधून उजेड दिसत नव्हता. माझ्याकडं पंधरा वर्षं काम केलेल्या माणसाला तशी कड मारता येत नाही. भंगारवाल्याच्या काट्यावर ६२ किलो भरली तेव्हा तुझा चेहरा पडला, कारण नियमात ५० किलोपर्यंत हलकी चालते. अगं, देवदार जड लाकूड आहे. त्यात ६२ म्हणजे कमाल आहे, हे मी त्या दिवशीच म्हणायला हवं होतं.

आणि याच वजनापायी तू मला फळी जाड करू दिली नाहीस.

बुधवारी रात्री तू चिरलेल्या फळीचा सांधा भरलास. उद्या रविवार, शर्यतीचा. सांध्यातलं इपॉक्सी, तो चिकटवायचा गोंद, दुसऱ्या दिवशी नखाला कडक लागतं, पण पूर्ण ताकद यायला आठवडाभर धरावा, तोही ऊब असेल तर. आपल्या पत्र्याच्या शेडमध्ये जानेवारीच्या रात्री काय गारठा असतो ते तुला माहीत आहे. तू दिवा लावून ठेवला होतास, मी पहाटे उठून हात लावून बघितलं, वरून कोमट होतं आणि खाली गार. चीर गेली होती ती खालच्याच अंगाला, बोल्टाच्या भोकापासून रेषेनं सरळ. सांधा तू एकास आठच्या उतारानं घेतलास, त्यात मला बोट ठेवायला जागा नाही. माझं म्हणणं फक्त दिवसांचं आहे.

मी परत तिथंच आलो बघ. शिकवायला लागलो की थांबत नाही, राग मानू नको.

तू लहान असताना शेडमधली ओतीव लोखंडाच्या मापाची माझी श्रिंकेज पट्टी घेऊन स्वतःची उंची मोजलीस आणि रडत आलीस, शाळेत मोजली त्यापेक्षा कमी भरली म्हणून. ओतलेलं लोखंड गार होताना आखडतं, म्हणून ती पट्टी मीटरमागं साधारण दहा मिलीमीटर लांब असते, हे तुला मांडीवर घेऊन सांगितलं होतं. होडीचे साचे आखायला बसलीस त्या दिवशी पहिला प्रश्न तोच होता, "आप्पा, ही कुठली पट्टी?" ती पट्टी लागली असती तर ५.२ मीटरची होडी पाच सेंटीमीटर वाढून नियमाबाहेर गेली असती. त्या दिवशी मी आईला म्हटलं, हिला आता मी काही शिकवायची गरज नाही.

तरी भीती जात नाही. २०१९ च्या महापुरात आंबेवाडीच्या आत्याला रबरी बोटीतनं आणलं, तेव्हा तू तासभर त्या बोटीकडंच बघत उभी होतीस. त्याच आठवड्यात ब्रह्मनाळची बोट उलटली. तुला तिथनं नाद लागला आणि मला धास्ती. जेवताना तू १९३३ ची गोष्ट सांगायचीस, उफ्फा फॉक्स हा इंग्रज होडी बांधणारा आणि त्याचा जोडीदार शिडाच्या दोन कॅनो घेऊन इंग्लंडहून अमेरिकेला गेले आणि चषक जिंकून आले ते. मी ऐकत असायचो, पण मनात एकच, की पाऊण मीटर रुंदीच्या होडीवर दहा चौरस मीटर शीड, आणि तिला उभी ठेवायला फळीच्या टोकाला बसलेलं माझं पोर. राजाराम तलावावर मी काठावरनं ते बघितलंय. तू पार बाहेर, खाली नुसतं पाणी. वारा आला आणि तडकन आवाज झाला. तो आवाज मी लाकडात आयुष्यभर ऐकलाय.

तलावात काठ जवळ होता. मुंबई बंदरात दुपारी समुद्रावरचा वारा चढतो, गेटवेवरनं सुटलेल्या लाँचच्या लाटा असतात, ओहोटीची ओढ असते. तिथं फळी मोडली तर तू एकीकडं पडणार आणि होडी दुसरीकडं आडवी होणार. काही झालं तरी होडी सोडू नको. दोरी हातात राहू दे. वाऱ्यावर होडी तुझ्या पोहण्यापेक्षा जोरात जाते. लाइफ जॅकेटचे सगळे पट्टे लाव, उकडतं म्हणून वरचा सोडतेस तो सोडू नको.

शर्यतीला जाऊ नको असं मी म्हणत नाही. तिथल्या मोठ्या मोठ्या होड्यांत ही आपल्या शेडमधली होडी सुटलेली मला बघायची होती, पण सोमवारी ओतकाम आहे, निघता येत नाही. दादाला फोटो काढायला सांगितलंय, सुटण्याच्या वेळचा.

दादाबरोबर गोणपाटात गुंडाळून एक फळी पाठवतोय. काल रात्री केली. शिवणीची आहे, वाळून चार वर्षं झालेलं लाकूड, सांधा कुठंच नाही. तुझ्या फळीपेक्षा दीड किलो जड आहे, मी तासून तासून एवढ्यावर आणली, याच्या खाली नेली तर अर्थ राहत नाही. कडा गोल केल्यात आणि होडीवर फळी ज्यात सरकते त्या गाडीत बसते का ते तुझ्या जुन्या मापानं बघितलंय. वॉर्निश दिलं नाही, बसायला घसरेल म्हणून. बोल्टाची भोकं मुद्दाम पाडली नाहीत. गाडीवर ठेवून आधी खूण कर, मग ८ चा ड्रिल घे, आणि भोक पाडताना खाली लाकडाचा तुकडा धर, नाहीतर पलीकडनं चिरफळी उडेल. दादाला ड्रिल मशीन दिलंय, बॅटरी भरलेली आहे.

तुझा,
आप्पा