ट्रेनिंग आधी खिडकीमागच्यांना द्या

मा. संपादक, नमस्कार.

मागच्या आठवड्यात आमच्या कॉलेजात विविधता आणि पूर्वग्रह यावर ट्रेनिंग झालं. दोन तास, सेमिनार हॉल, पीपीटी, शेवटी फीडबॅक फॉर्म भरला की सर्टिफिकेट. बोलणाऱ्या मॅडम तळमळीने बोलल्या, त्यांच्याबद्दल तक्रार नाही, पण ऐकायला बसलो आम्ही पोरंच, ऑफिसमधलं कोणी नाही, रेक्टर नाहीत, सर लोक दीपप्रज्वलन करून निघून गेले.

दुसऱ्याच दिवशी स्कॉलरशिपच्या लाइनीत माझ्यापुढे माझा रूममेट होता, नंदुरबारमधल्या धडगावकडचा पावरा आदिवासी. खिडकीतून आवाज आला, "एसटीवाले सगळे बाजूला व्हा, तुमचं नंतर बघतो." सगळी लाइन बघत होती. तो फाईल छातीशी धरून बाजूला झाला, आणि रूमवर आल्यावर ती कॉटखाली सरकवून भिंतीकडे तोंड करून झोपला, जेवायला पण आला नाही.

वर्गात कुणाची जात-जमात जाहीर करायची नाही, राखीव गटातला म्हणून शिक्का मारायचा नाही हे यूजीसीने २०१२ सालीच नियमात लिहिलंय, समान संधी कक्ष आणि भेदभावविरोधी अधिकारी पण त्यातच आहेत. मग वर्गात जे चालत नाही ते ऑफिसच्या खिडकीवर कसं चालतं? आपल्या जळगावच्या आदिवासी डॉ. पायल तडवीने २०१९ ला मुंबईत शिकताना आत्महत्या केली, सीनियर्सच्या जातीवाचक छळामुळे असा आरोप आहे. तिच्या आईने, हैदराबाद विद्यापीठात २०१६ ला आत्महत्या केलेल्या दलित विद्यार्थी रोहित वेमुलाच्या आईसोबत, त्याच वर्षी सुप्रीम कोर्टात याचिका टाकली ती हे नियम खरोखर पाळले जावेत म्हणूनच. निदान खान्देशात तरी हे कुणाला नव्याने सांगायला लागू नये.

मी पण काही धुतल्या तांदळाचा नाही. पुण्याला एका स्पर्धेत तोंडातून अहिराणीतलं "माले" (म्हणजे मला) निघालं आणि पोरं हसली, तेव्हा फार लागलं होतं, तरी फर्स्ट इयरला मीच रूममेटला "तुमच्याकडे लाइट तरी आहे का रे" असं चारचौघांत विचारलं होतं. नंतर माफी मागितली. गेल्या वर्षी त्याच्यासोबत सातपुड्यातल्या काठी गावची होळी बघायला गेलो, रात्रभर ढोल, अंगावर पांढरी नक्षी काढून नाचणारे बुध्या, उंच बांबू आणि पहाटे पेटणारी होळी. त्याची आई पावरीत बोलत होती, मी अहिराणीत, आणि भाकरी वाढायचं काही थांबलं नाही. त्या एका रात्रीत जे डोक्यात शिरलं ते पीपीटीत नव्हतं.

म्हणून म्हणतो ट्रेनिंग जरूर घ्या, पण पहिल्या रांगेत क्लार्क, रेक्टर आणि व्हायवा घेणारे सर बसवा, आणि बोलायला पावरा, भिल, तडवी, मावची पोरापोरींना बोलवा, त्यांची मर्जी असेल तर.

सातपुड्यात होळी म्हणजे वर्षाचा सगळ्यात मोठा सण. यंदा होळीच्या दुसऱ्याच दिवशी आमची इंटर्नल परीक्षा ठेवलीय. ती पुढे ढकला असा अर्ज आम्ही २२ जणांनी सह्या करून दिलाय, अजून उत्तर आलेलं नाही.

– एक विद्यार्थी, धुळे