गोठलेली खाती आणि शहरातील वस्त्या

महोदय,

२०१४ मध्ये उघडलेल्या जनधन खात्यांना दहा वर्षे झाली आणि त्यांचे केवायसी, म्हणजे खातेदाराची ओळख आणि पत्त्याची पडताळणी, पुन्हा करण्याची वेळ आली. त्यासाठी जुलै २०२५ पासून बँकांनी शिबिरे घेतली, पण ग्रामपंचायत पातळीवर. नवी मुंबईतल्या दिघा, रबाळे, तुर्भे स्टोअर इथल्या वस्त्यांना ग्रामपंचायत कुठून असणार? इथल्या घरकामगार, माथाडी आणि नाका कामगारांची खाती केवायसीअभावी गोठतात आणि ते कळते पैसे काढायला गेल्यावर.

नियम खरे तर सोपा आहे. माहितीत बदल नसेल किंवा फक्त पत्ता बदलला असेल, तर स्वयंघोषणापत्र पुरते. जून २०२५ पासून ते बँकमित्रामार्फत (वस्तीत बँकेचे व्यवहार करून देणारा बँकेचा प्रतिनिधी) घेण्याची मुभाही रिझर्व्ह बँकेने दिली आहे. तरीही शाखेत फोटो, पॅन, आधारची प्रत मागतात, तेही कामाच्या वेळेत. एक रोज बुडतो. सर्व्हर बंद असला तर दोन.

दुसरा घोळ आधारचा. खात्याला आधार जोडलेले असणे वेगळे आणि एनपीसीआय या राष्ट्रीय देयक महामंडळाच्या मॅपरवर, म्हणजे कोणत्या आधारचे सरकारी पैसे कोणत्या बँकेत जायचे त्या यादीत, त्या बँकेची नोंद (सीडिंग) असणे वेगळे. मॅपरवर एका आधारला एकच बँक असते, शेवटी सीडिंग झालेली. कर्जासाठी किंवा पगारासाठी दुसरीकडे खाते उघडताना फॉर्मवरच्या संमतीच्या चौकटीत खूण झाली, की ‘लाडकी बहीण’चे दीड हजार तिकडे जाऊ लागतात. बाई मात्र जुन्याच पासबुकात नोंद शोधत राहते आणि हप्ता बंद झाला म्हणून खेटे घालते. आधारच्या संकेतस्थळावर ‘बँक सीडिंग स्टेटस’ पाहिले की बँकेचे नाव लगेच दिसते. मात्र आधारशी जोडलेला मोबाईल चालू हवा. स्वस्त रिचार्जसाठी सिम बदललेले असते, तिथेच गाडी अडते.

गोठलेल्या खात्यातून पंतप्रधान सुरक्षा विमा योजनेचे वर्षाचे २० रुपयेही मेअखेरीस वळते होत नाहीत. मग १ जूनपासून दोन लाखांचे अपघाती संरक्षण संपते. परांचीवर चढणाऱ्या माणसाच्या घरच्यांना हे अपघातानंतर कळावे, हे अत्यंत क्लेशदायक आहे.

बँकमित्राकडे आधारवर पैसे काढायच्या अंगठ्याच्या यंत्राबाबत एवढेच: भांडी घासून, सिमेंट कालवून झिजलेला अंगठा उमटला नाही तर दुसरे बोट लावून पाहावे आणि फसलेल्या व्यवहाराचीही पावती घ्यावी. रक्कम वजा झाली, रोकड मिळाली नाही आणि पाच दिवसांत पैसे परत आले नाहीत, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई देणे बँकेवर बंधनकारक आहे.

जिल्ह्यातल्या बँकांचा समन्वय करणाऱ्या अग्रणी बँकेने महापालिकेच्या आठही विभाग कार्यालयांत महिन्यातून एका रविवारी शिबिर घ्यावे. एका टेबलावर री-केवायसी, दुसऱ्यावर सीडिंग, तिसऱ्यावर आधारमधील मोबाईल बदल, असे तिन्ही एकाच छताखाली हवे. नाहीतर माणूस पुन्हा तीन ठिकाणी फिरतो. बँकांनी बँकमित्रांच्या यंत्रावर री-केवायसीची सोय चालू करावी आणि त्या कामाचा मेहनतानाही ठरवून द्यावा.

– नवी मुंबईतील काही बँकमित्र