समुद्रगवत नको, कृष्णेतलं पाणगवत घे

सांगली,
माघ शुद्ध पंचमी

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

मालवणहून परतताना समुद्रगवताची चार रोपं उपटून साताऱ्याला, माशांच्या टाकीत लावायला आणतो म्हणतोस. ते आधी डोक्यातून काढ. समुद्रगवताचे पट्टे किनारा नियमनाच्या सगळ्यात कडक वर्गात, सीआरझेड-१ अ मध्ये येतात, आणि मालवणला तर १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. कायदा बाजूला ठेवला तरी लिटरमागे तीस-पस्तीस ग्रॅम मीठ, वाळूचा जाड थर आणि भरपूर उजेड तुला दोन फुटी टाकीत जमवावा लागेल. तुझे गप्पी त्या पाण्यात सुखाने राहायचे नाहीत.

तुला हवी आहेत ती पाण्यात डोलणारी लांब फितीसारखी पानं. तशी पानं गोड्या पाण्यातल्या, आपल्या कृष्णेतल्या पाणगवतालाही असतात. दुकानदार त्याला व्हॅलिस्नेरिया म्हणतात. गंमत म्हणजे मालवणकडचं हॅलोफिला हे समुद्रगवत आणि हे पाणगवत एकाच कुळातले.

ओळख सोपी आहे. खोड नसतं, सगळी पानं बुडातूनच निघतात, आणि शेजारच्या रोपाशी जमिनीलगतच्या पांढऱ्या धावत्या फांदीने जोडलेली असतात. खोडाला पानांची वलयं दिसली तर ते हायड्रिला. ते घेऊ नकोस, बोटभर तुकडा राहिला तरी टाकी भरून टाकतं. फुलोऱ्यात असेल तर एक बघण्यासारखी गोष्ट दिसेल: मादी फूल केसाएवढ्या बारीक देठावर पृष्ठभागापर्यंत येतं, सुटी झालेली नर फुलं तरंगत त्याला येऊन चिकटतात, आणि फलन झालं की तो देठ स्प्रिंगसारखा गुंडाळून फूल खाली ओढून नेतो.

पावसाळ्यातलं गढूळ पाणी निवळलं की शोध, म्हणजे डिसेंबर ते मार्च. जागा मात्र पारखून घे, कारण अर्धं यश तिथेच ठरतं. उसात मारलेलं अ‍ॅट्राझिन हे तणनाशक पाण्याबरोबर ओढ्यात उतरतं आणि पानाचं अन्न बनवणंच थांबवतं. रोप घरी येऊन आठ-दहा दिवसांनी काचेसारखं होऊन मरतं आणि आपण टाकीला दोष देतो. द्राक्षबागांखालचे ओढेही टाळ. तासगावकडे फवारणीच्या बोर्डो मिश्रणासाठी मोरचूद वापरतात, आणि त्यातलं तांबं कोळंबी व गोगलगायींना मारतं. ज्या पाण्यात लहान मासे, गोगलगायी आणि चतुराच्या अळ्या दिसतात ते पाणी बरं. कासच्या तळ्याकडे वळूही नकोस, ते साताऱ्याचं पिण्याचं पाणी आहे. आणि माझ्याकडे आलास तर औदुंबर-भिलवडीच्या पट्ट्यात नदीत उतरायचं नाही. तिथे मगरी आहेत, थंडीत काठावर ऊन खात पडलेल्या असतात. गुडघ्याएवढं, तळ दिसणारं पाणी असेल तिथेच, आणि सोबतीला कुणीतरी घेऊन.

पान धरून ओढू नकोस, मुळं चिखलातच राहतात. बोटं मुळांखाली घाल, हलकेच उचल, धावती फांदी नखाने तोड. मोठी रोपं सोड. चार-सहा पानांची, वीतभर, पांढऱ्या मुळांची पिल्लं घे. दहा-बारा पुरेत, तीही वेगवेगळ्या ठिकाणची, म्हणजे तिथला पट्टा उघडा पडत नाही. ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून पिशवीत घाल. पिशवी पाण्याने भरण्याची गरज नाही. गाडीच्या डिकीत दुपारचं ऊन लागलं की अर्ध्या तासात पानं शिजतात, तेव्हा सकाळीच उरक.

घरी आल्यावर घाई नाही. जुनी, तपकिरी पानं काढ, मुळं तीन-चार सेंटिमीटर ठेवून कात्रीने छाट, पानाच्या मागची जेलीसारखी गोगलगायीची अंडी नखाने खरवड. मग पोटॅशियम परमँगनेट, विहिरीत टाकतात तेच. एक ग्रॅम एक लिटर पाण्यात विरघळव; त्यातलं १० मिलि एक लिटर साध्या पाण्यात घाल. त्या गुलाबी पाण्यात रोपं दहा मिनिटं, घड्याळ लावून. पाणी तपकिरी झालं तर त्याचा जोर संपला, नवं कर. ब्लीच वापरू नकोस, हे गवत ब्लीचने विरघळतं.

नंतर तीन आठवडे गच्चीवरच्या टबात, सावलीत, वर मच्छरदाणीचा तुकडा ताणून, नाहीतर डासांची पैदास होईल. जळवा, चतुराच्या अळ्या याच काळात बाहेर येतात. ती अळी टाकीत गेली तर गप्पीची पिल्लं एकेक करून गायब होतील आणि तुला कळणारही नाही.

टाकीत पाच-सहा सेंटिमीटर वाळू, दोन-तीन मिलिमीटर दाण्याची, पाणी स्वच्छ निघेपर्यंत धुतलेली. नळाचं पाणी चोवीस तास उघड्या बादलीत ठेवून मगच ओत. लावताना सगळ्यात जास्त चूक होते ती इथे: पांढरं मूळ संपून हिरवं सुरू होतं तो गड्डा वाळूच्या वर राहायला हवा. तो पुरला की बुडाशी कुजतो, पान सहज हातात येतं आणि वास मारतो. थोडं खोल खोचून परत वर ओढ, बरोबर बसतं. दोन रोपांत चार-पाच सेंटिमीटर अंतर.

पहिले पंधरा दिवस पानं पारदर्शक होऊन गळतील. घाबरून उपटू नकोस. नदीतल्या उन्हात वाढलेली पानं टाकीतल्या उजेडाला चालत नाहीत, रोप ती टाकून मधून नवी काढतं. फक्त मेलेली पानं कापून बाहेर काढ. दिवा आठ तास, त्याहून जास्त दिलास तर काचेवर शेवाळ. दुकानदार ‘लिक्विड कार्बन’ची बाटली पुढे करेल. ती घेऊ नकोस, त्यात बहुधा ग्लुटाराल्डिहाइड हे जंतुनाशक असतं आणि या गवताला ते सोसत नाही. नवी पानं पिवळी पडली तर लोह कमी आहे, मुळाजवळ खताची गोळी खुपस. एप्रिल-मेमध्ये पाणी तिशीच्या वर गेलं तर पृष्ठभागावर छोटा पंखा लाव, दोन-तीन अंश उतरतं.

धावत्या फांद्या फुटू लागल्या की महिन्या-दोन महिन्यांत मागची भिंत भरते. जास्तीचं गवत उन्हात वाळवून कुंडीत टाक, ओढ्यात परत सोडू नकोस; टाकीतले रोग आणि गोगलगायी त्याच्याबरोबर जातात.

तुझ्या टाकीत गोल्डफिश आहेत की काढलेस? असतील तर आधी ते सांग, कारण ते एका रात्रीत सगळं उकरून ठेवतात.

तुझा,
श्रीपाद