तीन नाटकांचे वेळापत्रक जुळवून देणाऱ्या काकूंना

इंदूर

आदरणीय काकू,

सादर नमस्कार.

यंदा तिन्ही नाटके ठरल्या तारखांना उभी राहिली, ती कोणामुळे, हे आपल्याकडच्या हौशी रंगकर्मींपैकी प्रत्येकाला ठाऊक आहे. श्रेयनामावलीत मात्र तुम्ही स्वतःचे नाव येऊ दिले नाहीत, म्हणून तुमच्या इच्छेला मान देऊन, नाव न घेताच पण सर्वांसमक्ष, हे आभार मानत आहे.

इंदुरात मराठी नाटक पाहणारे पुष्कळ, करणारे मोजके. त्यामुळे एका मंडळाचे दोन अंकी नाटक, दुसऱ्याची स्पर्धेची एकांकिका आणि तिसऱ्याचे बालनाट्य यांत तीच ती माणसे असणार, हे ओघाने आलेच. माझ्याकडे दोन अंकीतली थोरली सून होती, एकांकिकेचे पार्श्वसंगीत होते आणि मुलांकडून संवाद बसवून घेण्याचे कामही होते. सगळेच नोकरी-व्यवसाय सांभाळून येणारे, त्यामुळे तालमीला सर्वांची वेळ एकच, रात्री आठ ते दहा. अशा वेळी प्रत्येक दिग्दर्शकाला होकार द्यायचा आणि आयत्या वेळी ऑफिसचे कारण पुढे करायचे, अशी रीतच हौशी मंडळांत पडून गेली आहे, आणि तिच्यापायी चांगली चांगली नाटके तालमीतच मोडतात.

तुम्ही तिन्ही दिग्दर्शकांना संहितांसह घरी बोलावलेत. कार्डशीटवर उभ्या रकान्यांत प्रवेश आणि आडव्या ओळींत पात्रे मांडून, कोण कोणत्या प्रवेशात लागतो, ते रंगीत पेन्सिलींनी भरलेत. तेव्हा कुठे दिसले की दुसऱ्या अंकाच्या पहिल्या प्रवेशानंतर थोरली सून थेट शेवटीच रंगमंचावर येते, आणि मधला भाग सलग घेतला तर त्या रात्री मला एकांकिकेकडे जाता येते. राजेंद्रनगरहून रामबागेत पोहोचायला गर्दीच्या वेळी किती अवधी लागतो, तोही तुम्ही हिशेबात धरलात. सभासदांना मराठी नाटके दाखवणाऱ्या इथल्या ‘सानंद’ संस्थेच्या नाटकांचे शनिवार-रविवार तर आधीच विचारात घेतलेत. सानंदच्या प्रेक्षक-सभासदांच्या गटांपैकी राहुल बारपुते समूहात कोण, रामूभैया दाते समूहात कोण, मामा मुजुमदार, वसंत आणि बहार समूहांत कोण, हे विचारून ज्याचा प्रयोग ज्या वेळी असेल त्याला त्या वेळी मोकळे ठेवलेत. चांगले नाटक पाहणे हाही तालमीचाच भाग आहे, हे तुमचे म्हणणे मला मनापासून पटते.

प्रयोगाआधीचा आठवडा ज्या त्या नाटकाचा, त्यात दुसऱ्या मंडळाने माणूस मागायचा नाही, हेही तिथेच ठरले. बालनाट्याची तालीम मात्र कोणत्याही कारणाने हलवायची नाही, यावर तुम्ही ठाम राहिलात, आणि त्यासाठी मी तुमची सर्वाधिक ऋणी आहे. वेळ कमी पडला की पहिली गदा मुलांच्या नाटकावर येते. मोठ्यांना एक निरोप पाठवून भागते. पण मुलांना शाळा-शिकवणीतून वेळ काढून पालक घेऊन येतात, आणि एकदोनदा दारावरून परत जावे लागले की पुन्हा येत नाहीत.

मी दुसरीकडे असे त्या रात्री थोरल्या सुनेच्या जागी तुम्ही स्वतः उभ्या राहिलात. नुसते संवाद वाचले असते तरी चालले असते, परंतु दिग्दर्शकाने बदललेली प्रत्येक हालचाल तुम्ही माझ्या संहितेच्या समासात पेन्सिलीने टिपून ठेवलीत. ‘तांब्या उजव्या हातात. “आई” म्हणेपर्यंत सासूकडे पाहायचे नाही,’ ही त्यातली एक नोंद. पुढच्या तालमीत मी तशीच उभी राहिले, आणि सासूचे काम करणाऱ्या ताईंना माझ्यासाठी एकदाही थांबावे लागले नाही. न पाहण्याचा तो क्षण प्रयोगात इतका परिणामकारक ठरला की मला त्याबद्दल अनेकांनी आवर्जून सांगितले.

पुढच्या वर्षीच्या तारखा नाट्यगृहाकडे मागण्याआधी तिन्ही मंडळांनी एकत्र बसायचे ठरवले आहे. त्या बैठकीला तुम्ही यावे, अशी सर्वांच्या वतीने विनंती करते. तक्ता या वेळी आम्ही भरून आणू. तुम्ही तो तपासून द्यावा.

मनःपूर्वक आभार.

आपली नम्र,
तिन्ही नाटकांतील एक सहभागी